चंद्रपूरच्या उन्हाळ्यात गिनीपिगला आंघोळ घालावी का? जाणून घ्या योग्य पद्धत

चंद्रपूर, गडचिरोलीत मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला की घरातले गिनीपिगही धापा टाकू लागतात. अशा वेळी अनेक जण त्यांना थेट थंड पाण्यात बुडवतात. मात्र, हा उपाय जिवावर बेतू शकतो.

धोका का?
गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांतला. त्याला घाम गाळून शरीर थंड करता येत नाही. तापमान ३० अंशांकडे गेले तरी त्याला त्रास सुरू होतो. त्यात गार पाण्याचा धक्का बसला की तो आणखी घाबरतो. प्राणी निपचित पडला, लाळ गाळू लागला तर त्याला सावलीत घ्या, कान व पाय ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या. बर्फाचे पाणी वापरू नका.

आंघोळ कधी?
आखूड केसांच्या गिनीपिगला एरवी आंघोळीची गरज नसते. अंग खूप मळले, मागचा भाग चिकट झाला तरच घाला. लांब केसांच्या जातींना मात्र रोज विंचरा आणि मागचे केस कापून आखूड ठेवा.

अशी घाला आंघोळ
- टबात दोन-तीन सेंटीमीटर कोमट पाणी घ्या, तळाशी टॉवेल अंथरा.
- डोके, कान, डोळे कोरडे ठेवा.
- माणसांचा शाम्पू किंवा साबण नको. पशुवैद्यकाने सांगितलेलाच वापरा.
- टॉवेलने पूर्ण कोरडे करा. ओल्या अंगाने कूलरच्या झोतात ठेवू नका.

नखे कशी कापावी?
महिन्यातून एकदा फक्त टोक कापा. नख काळे असेल तर मागून मोबाइलचा टॉर्च धरा, आतली रक्तवाहिनी दिसते. रक्त आलेच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

पावसाळ्यात काय?
ओल्या, घाण झालेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या कातडी पोखरतात. त्यामुळे मागचा भाग रोज तपासा, पिंजऱ्यातले गवत कोरडे ठेवा.

हे विसरू नका
केस गळून गोल चट्टे पडले तर ती बुरशी असू शकते. ती मुलांनाही लागते. कुत्र्या-मांजरांचे पिसवांचे औषध परस्पर लावू नका. अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास गिनीपिग दगावू शकतो. त्यामुळे घरातली गोळी देण्याआधी पशुवैद्यकाला विचारा.