क्षमा इतकी सोपी असते काय?

गेल्या पावसाळ्यात तास संपल्यावर आम्ही चारसहा जण कॅन्टीनमध्ये चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता एक मित्र मला म्हणाला, "तुमचं बरं हाय राजेहो! सहा दिवस काहीबी करा, न सातव्या दिवशी चर्चात जाऊन माफ करून घ्या!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी जाताना तो टोमणा मनातून जाईना. कारण ही समजूत केवळ बाहेरच्यांची नाही. आमच्यापैकीही पुष्कळ जण थोड्याफार फरकाने असेच समजून वागतात. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'पश्चात्ताप' हा आपला शब्द संस्कृतातला. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे जळणे. कृत्य करून झाल्यावर मनाला जे पोळते तो पश्चात्ताप. मराठी बायबलात हाच शब्द येतो, परंतु मूळ भाषांतील अर्थ याहून वेगळे आहेत. जुन्या कराराच्या हिब्रूत 'शूव' असे क्रियापद आहे. त्याचा साधा अर्थ माघारी वळणे. चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस परत फिरतो, तसे. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'मेटानोइया' आहे, म्हणजे मनाचा पालट. पोळणे ही भावना झाली. वळणे ही कृती आहे. जो नुसताच पोळतो आणि त्याच रस्त्याने पुढे चालत राहतो, त्याच्या त्या जळण्याला बायबलच्या हिशेबी फारशी किंमत नाही.

हा फरक समजून घ्यायला येशूच्या अटकेची रात्र पाहावी. त्या एका रात्रीत त्याचे दोन शिष्य चुकले. यहूदा इस्कर्योताने चांदीच्या तीस नाण्यांसाठी गुरूला धरून दिले आणि पेत्राने, आपण या माणसाला ओळखतच नाही असे तीनदा सांगितले. पुढे यहूदाला आपल्या कृत्याची खंत वाटली. येथे मत्तयाने ग्रीकमध्ये जो शब्द योजला आहे तो 'मेटानोइया' नव्हे, तर हळहळ वाटणे या अर्थाचा दुसराच शब्द आहे. वास्तविक यहूदाने काय करायचे ठेवले? त्याने चूक तोंडाने कबूल केली, पैसेही परत नेऊन टाकले. फक्त तो गेला ज्यांनी त्याला विकत घेतले त्यांच्याकडे, आणि 'त्याचे आम्हाला काय' असे म्हणून त्यांनी हात झटकले. ज्यांचा त्याने घात केला होता त्यांच्याकडे तो परत आलाच नाही, आणि एकटाच मृत्यूला सामोरा गेला. पेत्र मात्र बाहेर जाऊन रडला आणि इतर शिष्यांत राहिला. मला वाटते, लाज गिळून आपल्या माणसांत बसून राहणे हे पेत्राच्या रडण्यापेक्षा अवघड होते.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक तपशील आहे. पेत्राने जेव्हा नाकारले तेव्हा तो अंगणात कोळशाच्या विस्तवाशी शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू शिष्यांना भेटतो, तेथेही कोळशाचाच विस्तव पेटलेला आहे. तेथे येशू पेत्राला विचारतो, माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते, असे योहानाने स्पष्ट लिहिले आहे. 'झाले ते झाले, विसरून जा' असे येशू म्हणत नाही. जखम जेथे झाली तेथेच तो बोट ठेवतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवतो. सोपी क्षमा म्हणणाऱ्या माझ्या मित्राने हा प्रसंग एकदा वाचावा.

पुढे हाच प्रश्न साऱ्या मंडळीपुढे आला. इ. स. 250 मध्ये रोमन सम्राट डेसियस याने सर्वांनी रोमन देवांना बळी अर्पण करावा, असे फर्मान काढले. जिवाच्या भीतीने पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी ते केले. छळ ओसरल्यावर ही माणसे परत आली. त्यांना आत घ्यायचे की नाही? रोममधील नोव्हेशियनचा पक्ष म्हणाला, नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यावे. पण दारात आल्याबरोबर नव्हे, प्रायश्चित्ताचा काळ काढल्यावर. चर्चने सिप्रियनचा मार्ग पत्करला.

आपल्या वऱ्हाडात दोन्ही परंपरांचे ख्रिस्ती लोक आहेत. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला. कॅथलिक माणूस धर्मगुरूपाशी पापनिवेदन करतो. कानावर आलेले धर्मगुरूने कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगायचे नाही असा कडक नियम आहे. परंतु निवेदन म्हणजे सारे नव्हे. मनापासून खंत हवी, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि चोरले असेल तर परत करायला हवे. अकोला, खामगाव या बाजूला अलायन्स मिशनच्या प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत. तेथे मध्ये धर्मगुरू नाही, कबुली थेट देवापुढे. पण प्रभुभोजनास बसण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला तपासायचे असते. कोणाशी तंटा असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्या भावाशी समेट करावा, असे येशूनेच सांगितले आहे. हे किती जण पाळतात, हा भाग निराळा.

परत करण्याचा विषय निघालाच आहे तर यरीहोचा जक्कय आठवतो. तो मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो आणि जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लबाडीने घेतले त्याला चौपट परत करतो. अशा गुन्ह्याची कबुली देणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढेच मोशेचे नियमशास्त्र मागत होते. येथे क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. चौपट दिले म्हणून येशू घरी गेला नाही. तो घरी आला म्हणून जक्कयाला द्यावेसे वाटले. क्षमा विकत मिळत नाही, पण ती मिळालेला माणूस हिशेब चुकता केल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रात या गोष्टीला दगडविटांचे रूप दिले ते पंडिता रमाबाईंनी. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आश्रय दिला आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. त्याच आवारात 'कृपासदन' होते, ज्या स्त्रियांना समाजाने पतित म्हणून दार लावून घेतले होते त्यांच्यासाठी. 1905 साली केडगावला मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडल्या आणि त्यांनी आपापल्या चुका उघड कबूल केल्या. समुदायात आलेल्या अशा अश्रूंवर माझा विश्वास जरा बेतानेच आहे. कृपासदनाच्या दारावर मात्र पूर्ण आहे.

आणि लक्ष्मीबाई टिळक? 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी बायकोला विश्वासात घेतले नव्हते. त्या काळी नवरा धर्मांतरित होणे म्हणजे बायकोने जिवंतपणी सर्व गमावणे. टिळक कवी म्हणून थोर, मनाचे उदार. पण संतापी, आणि मनात आले की घर सोडून निघणारे. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे गेल्या त्या आपले सोवळे सांभाळतच, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. पुढे आठवणी लिहिताना त्यांनी टिळकांचा एकही दोष झाकला नाही, आणि एकाही दोषाबद्दल त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. सगळे आठवते, तरी हसू येते, अशी ती क्षमा आहे. तिला वर्षे लागली. म्हणूनच मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला 'ख्रिस्ती आहेस ना, मग क्षमा कर आणि परत जा' असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या मंडळ्यांत असे सांगितले जाते. नवरा कोठे वळला आहे, हे आधी कोणी पाहत नाही.

माझ्या मित्राला त्या दिवशी जी गोष्ट सांगितली ती येथे सांगतो. आमच्या गावच्या मंडळीत हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, तूर, कोंबड्या आणतात आणि त्यांचा लिलाव होतो. मी लहान असताना देवळाच्या टिनपत्र्यांसाठी असे अठरा हजार रुपये साठले होते. खजिनदार आमच्या ओळखीचे काका होते. त्या साली पाऊस लांबला, दुबार पेरणी आली आणि ते पैसे त्यांच्या शेतात गेले. हिशेब मागितला तेव्हा त्यांनी आधी लिहिण्यात चूक झाली म्हणून सांगितले. दोन रविवारांनी उपासनेत उभे राहून खरे सांगितले. पाळकसाहेब म्हणाले, देवाने क्षमा केली. वही मात्र अजून उघडी आहे. काकांना सहा महिने प्रभुभोजन मिळाले नाही. कापसाच्या दोन हंगामांत त्यांनी पैसे फेडले. त्यानंतर पंचांनी त्यांना देवळाची किल्ली आणि घंटा सोपवली. पैशांची पेटी पुन्हा दिली नाही आणि काकांनीही ती मागितली नाही.

मित्राने विचारले, "मंग लोकायनं माफ केलं का नाही?"

गावाने केले. माझ्या आजीने केले नाही. लिलावात तिच्याही दोन कोंबड्या होत्या. कोणी विषय काढला की ती म्हणे, "देवानं केलं असन माफ, मी अजून पाहून राह्यली." तिसऱ्या वर्षी नाताळात तिने करंज्यांचे ताट माझ्याच हाती काकांच्या घरी पाठवले. मी कारण विचारले तर म्हणाली, ताट रिकामं परत आण, तिथंच ठेवून येशील.