सेफ्टीवाल्याचा पगार ठरतो कुठे?

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला सोलापूरचा एखादा मुलगा ‘सेफ्टीत किती मिळतात हो?’ असे विचारतो, तेव्हा एकच आकडा सांगून भागत नाही. हा पगार मुलाच्या मार्कांपेक्षा कारखान्याच्या मस्टरवर किती नावे आहेत, यावर जास्त ठरतो.

याचे मूळ 1948 च्या कारखाने अधिनियमात आहे. हजार किंवा त्याहून अधिक कामगार असले, की सरकारच्या अधिसूचनेनुसार सुरक्षा अधिकारी नेमावा लागे; काम धोक्याचे असेल तर संख्या कमी असली तरीही. पात्रतेची वाट लांबची आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीवाल्याला कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून दोन वर्षे, डिप्लोमावाल्याला पाच वर्षे काढायची, आणि वर औद्योगिक सुरक्षेची पदविका. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत ती करता येते. शिवाय बहुसंख्य कामगारांची भाषा यावी अशीही अट. सोलापुरात ती अट कागदावर मराठीने भागत असेल. मागावर उभ्या माणसाला समजवायचे तर तेलुगू हवीच, कधी कन्नडही.

नियमांत पगाराचा आकडा मात्र नाही. तिथे एवढेच आहे, की त्याच हुद्द्याच्या इतर अधिकाऱ्यांइतके वेतन द्यावे, आणि सुरक्षा अधिकारी एकटाच असेल तर त्याला वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा देऊन थेट कारखान्याच्या प्रमुखाच्या हाताखाली ठेवावे. हे कलम मला फार शहाणपणाचे वाटते. जो माणूस चालू मशीन थांबवायला सांगणार, तो प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली असून कसे चालेल?

सोलापुरात 1320 मेगावॉटचा एनटीपीसीचा प्रकल्प आहे. याच कंपनीने 2024 मध्ये देशभरासाठी सहायक अधिकारी (सुरक्षा) पदाची भरती काढली, तेव्हा मूळ वेतनश्रेणी होती 30,000 ते 1,20,000 रुपये, भत्ते वेगळे. पण अशाच प्रकल्पात ठेकेदाराच्या मस्टरवर असलेला नवखा सेफ्टी सुपरवायझर बहुधा वीस-पंचवीस हजारांवर काम करतो. हेल्मेट तेच, ऊन तेच. साखर कारखान्यांत आणखी एक गोम: सुरक्षेसोबत दुसरे एखादे खातेही कधी कधी गळ्यात मारले जाते. सुरक्षेच्या कामाला बाध येईल असे दुसरे काम त्याला देऊ नये, असे नियम सांगतो, तरीही.

आणि यंत्रमाग? चादरी-टॉवेलच्या या गावात कित्येक शेड इतक्या लहान, की तिथे सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्तीच पोचत नाही. 18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. सूत, कापूस, धूर आणि आतच झोपलेली माणसे.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1948 च्या कायद्याच्या जागी कामगार सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. तिच्यात सक्तीची मर्यादा हजारावरून पाचशेवर आली, धोकादायक प्रक्रियेसाठी अडीचशेवर. म्हणजे नोकऱ्या वाढायला हरकत नाही. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येतला कामगारांचा आकडा वीस आहे; 1948 च्या मूळ कायद्यात तो दहा होता. लहान शेड दूरच राहिली.

म्हणून त्या मुलाने मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात: नेमणूकपत्रावर ऑफिसर लिहिणार की सुपरवायझर, नाव कंपनीच्या मस्टरवर की ठेकेदाराच्या, आणि काम थांबवायचे झाले तर सही कुणाची चालते.