हापूसची पेटी आणि फुलदाणी

शारजातल्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे : ऑक्टोबरात बाल्कनीतल्या कुंड्यांत बी पेरते, थंडीभर फुलं कापून घरात ठेवते. झिनिया छान टिकते. स्नॅपड्रॅगन मात्र एप्रिलमध्ये दुसऱ्याच दिवशी टेबलावर गळून पडतं. एसीमुळे असेल का?

एसीच्या कोरड्या झोताने फूल सुकतं, हे खरं. पण सुकणं वेगळं आणि गळणं वेगळं. टवटवीत फूल दांड्यावरून अख्खं सुटतं, तेव्हा संशय हवेवर घ्यावा. एप्रिलमध्ये आखातातल्या मराठी घरांत हापूसची पेटी येते. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो आणि तो अढीत कोंडून धरला की शेजारचे आंबेही भराभर पिकतात. दारं-खिडक्या लावून एसी चालवलेली खोली म्हणजे एक मोठी अढीच! जो वायू आंबा पिकवतो, तोच स्नॅपड्रॅगन, कार्नेशन आणि स्वीट पी यांना म्हातारं करतो.

हा वायू पकडला तो दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन तरुणाने. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत अंधारात वाढवलेले त्याचे वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवे पसरत. बाहेरच्या हवेत तेच कोंब ताठ उभे राहत. दुसरा कोणी असता तर बियाण्याला दोष देऊन मोकळा झाला असता. नेल्युबोव्हने प्रयोगशाळेच्या हवेवर संशय घेतला, तिथल्या दिव्यांच्या गॅसमधले घटक एकेक करून तपासले आणि १९०१ मध्ये इथिलीनवर बोट ठेवलं. १९०८ मध्ये शिकागोच्या क्रॉकर आणि नाइट यांनी दाखवलं, की वीस लाख भाग हवेत एक भाग इथिलीन असलं तरी उमललेलं कार्नेशन बारा तासांत मिटतं. वनस्पती हा वायू स्वतःच तयार करतात, हे रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं ते १९३४ मध्ये. आज फळांची गोदामं आणि फुलांचा जागतिक व्यापार या ज्ञानावर उभा आहे. इथिलीनचं नाव शाळेतच कानावर पडतं, नेल्युबोव्हचं मात्र क्वचितच. मला हा अन्याय वाटतो.

मग झिनिया का टिकते? झिनिया, झेंडू, ॲस्टर या कुळातली बहुतेक फुलं इथिलीनला फारशी दाद देत नाहीत. त्यांचा शत्रू पाण्यात असतो : जिवाणू वाढतात, दांड्यातल्या नलिका तुंबतात आणि पाणी फुलापर्यंत चढत नाही. फुलदाणीत तांब्याचं नाणं टाकण्यापेक्षा ती साबणाने घासणं, पाण्यात बुडणारी पानं काढणं, पाणी रोज बदलणं आणि दांडा दर वेळी थोडा छाटणं जास्त कामाचं. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच मेजवानी होते.

झिनिया कापण्याआधी दांडा खालून धरून हलवा. मान डोलली तर फूल अजून कच्चं आहे आणि कापल्यावर ते पक्व होत नाही. दांडा ताठ राहिला तर सकाळी, ऊन चढण्याआधी कापा. आणि स्नॅपड्रॅगन ठेवा हापूसपासून दूर, दुसऱ्या खोलीत.