साखळी की कोपरा?

कबड्डीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे चढाई करणाऱ्यावर येऊन थांबते. त्याने किती गडी मारले, बोनस कसा टिपला, लोण कसा चढवला, याच्याच कथा रंगतात. त्याला अडवणारे सात जण मात्र चर्चेतून निसटून जातात. वास्तविक चढाईने गुण मिळतात; सामना हातात राहतो तो बचावाने. आणि बचाव म्हणजे नुसते बळ नव्हे. ती आधी करावी लागणारी एक निवड आहे.

बचावाच्या ठोकळमानाने दोन तऱ्हा. पहिली साखळीची. दोघातिघांनी हाताला हात धरायचा, चढाई करणारा सरकेल तसे सरकायचे आणि तो आत ओढला गेला की घेरायचा. दुसरी कोपऱ्याची. टोकाच्या गड्याने दबा धरून बसायचे आणि समोरच्याचा पाय लांबला की घोटा धरायचा. साखळीत धीर लागतो, कोपऱ्यात झडप. हिशेबही वेगळा आहे. एकट्याची पकड फसली तर बहुधा एकच गडी जातो. साखळी फुटली तर झटापटीत अंगाला लागलेले सगळेच बाहेर. उलट गडी तीन किंवा त्याहून कमी उरले की साखळीला माणसेच नसतात. तेव्हा केलेली पकड ‘अव्वल पकड’ ठरून जादा गुण देते. म्हणजे एकाच सामन्यात सात गड्यांचा बचाव निराळा आणि तिघांचा निराळा.

हा पेच एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये अकरा जणांच्या बचावापुढे हेच कोडे असते. प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, की प्रत्येकाने मैदानाचा आपला तुकडा राखायचा? तिथे यासाठी स्वतंत्र पगारी प्रशिक्षक असतात. आपल्या खेड्यातल्या संघात हा निर्णय बहुतेक वेळा कर्णधाराच्या ओरडण्यावर होतो.

प्रो कबड्डी 2014 साली सुरू झाली आणि खेळ घराघरांत पोहोचला. त्याचा आनंदच आहे. पण पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसते ती कोपऱ्यातली झेप. ती पाहून बुलडाणा जिल्ह्यातला शाळकरी पोरगा तीच करू पाहतो. तो खेळतो कशावर? घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती. ती ओली झाली की पायाला चिकटते, वाळली की भेगाळून दगडासारखी होते. घाटावर चिखली-मेहकरकडेही गावचे मैदान म्हणजे मॅट नव्हे. मॅटवर अंग झोकून देणे परवडते. कडक भुईवर तीच झेप गुडघ्याची आणि कोपराची साल काढते. एखाद्याचा गुडघा कायमचा गेला, तर शेतात राबणाऱ्या घरात त्याची किंमत एका गुणाहून फार मोठी असते. मातीवर उभ्याने खेळायची साखळी जुन्या लोकांनी उगाच जपली नव्हती.

म्हणून कोपरा टाकून द्यावा काय? मुळीच नाही. 2018 सालचे जाकार्ता आठवावे. 1990 पासून सलग सात आशियाई सुवर्णपदके घेतलेला भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून 27-18 असा हरला. भारताच्या खात्यावर अवघे अठरा गुण! इराणच्या डाव्या कोपऱ्यात प्रो कबड्डीत मुरलेला फझल अत्राचली होता. पण घोटा धरणारा एक असला, तरी पकड पुरी होते ती शेजारचे दोघे क्षणात धावून आले तरच. दुसऱ्या दिवशी इराणच्या महिलांनीही भारताला 27-24 असे हरवून सुवर्ण नेले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच मातीतले ज्ञान परदेशी जाऊन आपल्याला हरवून गेले. विद्या कुठे कमी नव्हती. ती कोणाला दिली जाते, हा प्रश्न होता.

तोच प्रश्न आपल्या दाराशी आहे. निवड चाचणीला उभा राहिलेला मुलगा जाणतो की, झेप घेणारा डोळ्यांत भरतो. शेजाऱ्याचा हात न सोडणारा, चढाई करणाऱ्याला दहा पावले कोपऱ्याकडे रेटत नेणारा मुलगा कोणाच्या वहीत येत नाही. पकडीचा गुण मांडला जातो, पकडीची वाट करून देणाऱ्याचा नाही. मग पोरे हात सोडून एकेकटी झेपावतात आणि संघाचे सात जण सात दिशांना उभे राहतात.

साखळी की कोपरा, याचे एकच उत्तर नाही. गडी किती उरले, भुई कशी आहे, समोरचा डावा पाय टाकतो की उजवा, हे पाहून ते दर चढाईला नव्याने द्यावे लागते. क्रीडाशिक्षकांनी मुलांना एवढे जरी शिकवले, की कोणतीही तऱ्हा निवडा पण सातही जणांनी एकच निवडा, तरी पुष्कळ झाले. आणि निवड करणाऱ्यांनी एक वेगळा रकाना आखावा: हात कोणी सोडला नाही, याचा.