अठरा अंशांवरचा ध्रुव

महाडहून पाचाडकडे निघाले की वाटेत नाते लागते. चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, १८९६ सालचा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपल्या गावचे, हे इथे कोणीही सांगेल. बाकीचे लोक रायगडाच्या ओढीने न थांबता पुढे जातात. मला या परिसरात थांबावेसे वाटते ते रात्री, गाड्यांची वर्दळ ओसरल्यावर.

नाते १८ अंश अक्षांशाच्या किंचित उत्तरेला आहे. त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १८ अंशांवर दिसतो. हात पुढे ताणून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची, म्हणजे ध्रुव पुऱ्या दोन मुठीही वर नाही. त्याच बाजूला रायगडाचे डोंगर. दक्षिणेकडे वळलात तर हिवाळ्यात अगस्त्य जास्तीत जास्त १९ अंशांवर चढतो. एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला, दोघेही जवळजवळ सारख्याच उंचीवर! मुंबई-पुण्यातही हे गणित फारसे बदलत नाही, पण तिथे इतक्या खालचा ध्रुव इमारतींआड तरी जातो, नाहीतर उजेडात विरतो.

कॅमेरा उत्तरेकडे लावून तासभर एकामागून एक फोटो घेत राहिले आणि नंतर ते संगणकावर एकमेकांवर ठेवले, की ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळे उमटतात. नवखे इथूनच सुरुवात करतात, कारण यात तारे सरकले तरी बिघडत नाही. तारे टिंबांसारखे हवे असतील तर मात्र घाई करावी लागते. आकाश तासाला १५ अंश फिरते. यावर हौशी मंडळींचा एक ठोकताळा आहे: ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागायचे. २४ मिलिमीटरच्या लेन्सला जेमतेम २१ सेकंद मिळतात, आणि साध्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असल्याने तिथे १४च. एवढ्या वेळात येणारा प्रकाश थोडा आणि फोटोवर रवाळ नॉइज फार. मग असे १०० फोटो काढून त्यांचे स्टॅकिंग करायचे, म्हणजे तारे जुळवून ते एकमेकांवर ठेवायचे आणि सरासरी काढायची. जुळवल्यावर ताऱ्यांचा प्रकाश दरवेळी जागच्या जागी असतो, नॉइज मात्र स्वैर असतो, त्यामुळे तो दहापट कमी होतो. हे करणाऱ्या ‘डीपस्कायस्टॅकर’, ‘सिरिल’सारख्या प्रणाली फुकट मिळतात. पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने मे २०२१ मध्ये चंद्राचे ५० हजारांवर फोटो असेच जोडले. तो चंद्र जगभर गाजला, आणि तो टिपला होता शहरातूनच. चंद्राला अंधार लागत नाही. देवयानी दीर्घिकेला लागतो.

आकाशाचे फोटो घेण्याचा नाद महाराष्ट्राला डिजिटल कॅमेऱ्याने लावलेला नाही. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून होते, काचेच्या प्लेटा घेऊन. त्याच ग्रहणाला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आला. (हेलियमचा शोध त्याने १८६८ साली विजयदुर्गावर लावला असे अजून बिनदिक्कत छापले जाते. त्या वर्षीच्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होता. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ १८९८ ची आठवण आहेत.) पुढे पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्र-रात्र आकाशदर्शन घडवून पिढ्या तयार केल्या. फिल्मच्या काळात या मंडळींना रोल धुऊन येईपर्यंत आपली चूकही कळत नसे. शिवाय शटर जास्त वेळ उघडे ठेवले की फिल्म सुस्तावते, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट काळी होत नाही. सेन्सरला हा आळस नाही, आणि चूक तो जागेवरच दाखवतो.

तरीही कोकणातल्या छायाचित्रकाराचा खरा मालक कॅमेरा नव्हे, पंचांग आणि पाऊस. आकाशगंगेचा सर्वांत झगझगीत भाग धनु-वृश्चिकातला. तो संध्याकाळी दक्षिणेला मध्यावर येतो जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे महाड-पोलादपूरला पाऊस कोसळत असताना. म्हणून फेब्रुवारीच्या पहाटेपासून मेच्या मध्यरात्रीपर्यंत त्याच्यामागे धावायचे. नेमके तेव्हाच डोंगरउतारावर राब भाजले जातात, वणवे लागतात, आणि धूर दरीत बसून राहतो. हिवाळ्यात आकाश स्वच्छ, तर दव मुळावर येते. माझी एक अख्खी रात्र फुकट गेली: मृग मस्त माथ्यावर, आणि लेन्सवर घाम. तेव्हापासून गरम पाण्याची छोटी बाटली आणि ती लेन्सला बांधायला मोजा सोबत असतो.

२०२० ची गंमत तर कडूच. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यात कित्येक ठिकाणी वीज दिवसचे दिवस गेली, म्हणजे अंधार आयता. जुलैत निओवाइज धूमकेतू नुसत्या डोळ्यांना दिसत होता. पण आपल्याकडे आकाश ढगांनी भरलेले.

ढग निघून जातात, उजेड वाढतच जातो. नात्याच्या दक्षिणेच्या अंगाला महाड आणि तिथली औद्योगिक वसाहत, त्यापलीकडे मुंबई-गोवा महामार्ग. धनु-वृश्चिक मध्यावर येतात ते त्याच बाजूला, ४३ अंशांवर. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त, आणि निळा जास्त विखुरतो. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या ५१ हजारांवर नोंदींचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की २०११ ते २०२२ या काळात आकाशाची चमक वर्षाला सुमारे ९.६ टक्क्यांनी वाढत गेली. या गतीने ती आठ वर्षांच्या आत दुप्पट होते. त्या नोंदी डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या होत्या, महागड्या यंत्रांच्या नव्हेत. माझ्या मते गावागावात कोणीतरी वर्षातून एकदा एकाच जागेवरून, एकाच लेन्सने, तितक्याच सेकंदांचा दक्षिणेचा फोटो घेऊन ठेवला, तर तो कुठल्याही सुंदर फोटोपेक्षा मोलाचा ठरेल. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. सह्याद्रीच्या दऱ्यांतला अंधार अजून कोणी मोजायला घेतलेला मला दिसत नाही.

आणि आपली दिवाळी? लक्ष्मीपूजन अमावास्येचे, चंद्राचा उपद्रव नाही. २०२५ साली २१ ऑक्टोबरला, नेमक्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, लेमन धूमकेतू पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे नऊ कोटी किलोमीटरवर होता. संध्याकाळी पश्चिमेकडे तो शोधायचा तर फटाक्यांच्या धुराआडून.

येत्या १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का भरात असतील. २०२६ साली चंद्रकोर दहाच्या सुमारास मावळेल, आणि मिथुन रात्री दोनला जवळजवळ डोक्यावर असेल. जेवढी रुंद लेन्स असेल तेवढी लावा, फोकस हाताने ताऱ्यावर जुळवा, १५-१५ सेकंदांचे फोटो सलग घेत राहा. अंगणातला दिवा तेवढा आठवणीने बंद करा, आणि शेजाऱ्यालाही सांगा.