बाहेर ऊन, ऑफिसात हुडहुडी : जाळीचा स्वेटर घरीच कसा विणाल?

बीदर-कलबुर्गीकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पण भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या ज्या मुली हैदराबाद-पुण्याला नोकरीला आहेत, त्यांची तक्रार उलटीच असते : "एसीखाली दिवसभर कुडकुडतो." घरचे म्हणतात, नाजूकपणा आहे. तसं नाही.

ऑफिसातल्या थंडाव्याचं गणित १९६० च्या दशकात ठरलं. त्यासाठी ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष डोळ्यांसमोर होता. या हिशेबात बायकांच्या शरीराची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे थंडी खरीच वाजते.

जाळीचाच का?

जाड स्वेटर बसमध्ये अंगावर ठेववत नाही. समोर बटणं असलेला जाळीचा स्वेटर, म्हणजे कार्डिगन, हलका असतो. घडी करून पर्समध्ये मावतो. धाग्यांत अडकलेली हवा ऊब धरते आणि घामही कोंडत नाही.

लोकर कोणती?

आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर भरड. घोंगडीला ती उत्तम, पण मानेला टोचते. त्यामुळं मऊ मेरिनो किंवा सुती मिश्रणाचा मध्यम जाडीचा धागा घ्या. सुई ४ मिलीमीटरची, म्हणजे जुन्या मापात ८ नंबरची.

आधी नमुना, मग स्वेटर

३० टाक्यांचा चौकोन विणा, धुऊन वाळवा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. समजा २२ आले. छाती ३६ इंच असेल तर ३ इंच सैल धरा. ३९ इंच म्हणजे ९९ सेंटिमीटर. टाके झाले २१८. नमुना टाळला आणि दहात दोनच टाके चुकले, तरी स्वेटर साडेतीन इंचांनी फसतो.

सोपी जाळी, चार ओळी

पहिली ओळ : काठाचा एक टाका सुलट, मग सुईवर धाग्याचा एक वेढा घ्या आणि पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणा. असंच शेवटपर्यंत, काठाचा टाका सुलट.
दुसरी : सगळे उलट.
तिसरी : सगळे सुलट.
चौथी : सगळे उलट.

वेढ्यानं एक टाका वाढतो, दोन एकत्र केल्यानं एक घटतो. म्हणून संख्या तेवढीच राहते. दुसऱ्या ओळीनंतर टाके मोजा. एखादा कमी भरला तर वेढा राहिलाय समजा. दर दहा-बारा ओळींनी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. चुकलं तर तिथपर्यंतच उसवावं लागतं.

काखेपर्यंत अंग एकसंध विणा. तिथून पुढचे दोन भाग ५४-५४ टाक्यांचे, पाठ ११० ची. बाह्या वेगळ्या विणून जोडा. बाह्या पूर्ण हव्यात. कीबोर्डवर आधी मनगटंच गार पडतात.

शेवटी स्वेटर भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट पसरून टाचण्या लावा आणि सावलीत वाळवा. जाळी खुलते ती इथंच. निव्वळ अ‍ॅक्रिलिकची जाळी मात्र पाण्यानं फारशी खुलत नाही.

आणि हो, एसी २४ अंशांवर ठेवा, असं ऑफिसात सांगायला लाजू नका. जानेवारी २०२० पासून नव्या घरगुती एसीचं सुरुवातीचं तापमानही तेवढंच ठरवून दिलंय.