‘यूएस पॅकिंग’

जुलै अर्धा सरला की हैदराबादेतल्या लोणच्याच्या दुकानांत पहिला प्रश्न चवीचा नसतो. “किदर जारें? यूएस, के दुबई?” काउंटरमागचा मुलगा विचारतो आणि उत्तर ऐकून पिशवी निवडतो. अमीरपेट, कुकटपल्ली, दिलसुखनगर, हिमायतनगर, कुठंही जा. ज्यांना इथं सरसकट ‘स्वगृहा’ म्हणतात त्या घरगुती खाऊच्या दुकानांत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्टमध्ये अमेरिकेतली विद्यापीठं सुरू होतात. चिलकूरच्या ‘व्हिसा बालाजी’ला आधी 11 आणि व्हिसा हातात पडल्यावर 108 प्रदक्षिणा घालून झालेली पोरं आईवडिलांबरोबर रांगेत उभी असतात. पोरांचं लक्ष मोबाइलमध्ये, आयांचं वजनकाट्यावर.

आवकायचं पॅकिंग एकदा निवांत उभं राहून बघण्यासारखं असतं. कैरीच्या कोयीसकट फोडी, मोहरीची पूड, लाल तिखट आणि वर तरंगणारं तिळाचं तेल. गळायला याहून उत्सुक पदार्थ नाही. मुलगा जाड पिशवीचं तोंड कॉलरसारखं बाहेर दुमडतो, म्हणजे पळी टेकली तरी काठाच्या आतल्या बाजूला तेल लागत नाही. भरून झाल्यावर दुमड सरळ करतो आणि तरीही कोरड्या फडक्यानं काठ पुसतो, पुन्हा पुसतो. तेलाचा पुसटसा ओघळ जरी राहिला तरी तापलेल्या पट्टीखाली प्लास्टिक एकमेकांना धरत नाही. सील बसल्यासारखं दिसतं आणि विमानात सुटतं. मग पिशवी खालून वर दाबत नेऊन हवा काढायची, दोन समांतर सील मारायची, ती पिशवी दुसरीत उलटी घालायची आणि पुन्हा दोन सील. शेवटी वर्तमानपत्रावर आडवी ठेवून तळहातानं दाबायची. कागदावर डाग उमटला नाही, तरच चिकटपट्टी.

पलीकडच्या टेबलावर हवा ओढून घेणारं यंत्र असतं, ते पोडी, म्हणजे कोरड्या चटण्या, आणि मसाल्यांसाठी. लोणच्याला लावलं तर हवेबरोबर तेलही ओढतं. सकिनालूंना, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत कड्यांना, लावलं तर त्यांचा भुगा होतो. ते कडक डब्यातच जातात. अर्ध्या किलोच्या वर एक पिशवी भरायची नाही, हा बहुतेक ठिकाणचा नेम. एक फुटली तर बाकीच्या वाचतात.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उडत्या विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका उतरतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, यावरून अंदाज करावा. पिशवीत राहिलेली हवा तिथं फुगते आणि तेलाला बाहेरची वाट दाखवते. बरणीत भरलेलं लोणचं म्हणूनच जास्त दगा देतं: झाकण कितीही आवळलं तरी वर रिकामी जागा राहतेच.

आमच्या काचीगुड्याकडच्या मराठी घरांतली बॅग थोडी वेगळी असते. पणजोबा 1907 साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीत शिकलेले आणि पणतू टेक्सासात, अशी इथली पुष्कळ घरं. त्यांच्या बॅगेत आवकायच्या शेजारी मेतकूट, थालिपिठाची भाजणी, गोडा मसाला, कारळाची चटणी आणि अंबाडीचं लोणचं असतं. आमच्या शेजारच्या काकू गल्लीतल्या बहुतेक पोरांच्या बॅगा भरून देतात. त्यांचा दरारा असा, की आईनं ठेवलेली वस्तूही त्या बाहेर काढतात.

“काकू, एवढा कढीपत्ता तरी राहू दे,” पोराची आई म्हणते.

“पाला नाही, बी नाही, ताजं काही नाही,” काकू म्हणतात. “आणि त्याला विचारलं तर काय सांगशील रे? खायचं आहे का?”

“नाही म्हणेन.”

“मग उतरव सगळं. ‘हो’ म्हणायची तयारी असेल तरच भरते.”

काकूंचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कस्टम्स म्हणजे सोनं आणि टीव्ही पकडणारे लोक, ही समजूत जुनी आहे. त्यामुळे खाण्याचं कुणी विचारलं की आपोआप ‘काही नाही’ असं तोंडातून निघतं. पण तिकडच्या टेबलापलीकडच्या माणसाला आपल्या लोणच्याचा मोह नसतो आणि रागही नसतो. तो त्यातला किडा शोधत असतो, विषाणू शोधत असतो, रुजू शकेल असं बी शोधत असतो. अमेरिकेत हे काम करणारे कृषी तपासनीस 2003 पासून सीमासुरक्षेच्या खात्यात आहेत, पण त्यांचं शास्त्र कीटकांचं. हे एकदा लक्षात आलं की काय न्यावं आणि काय नको याची यादी पाठ करावी लागत नाही.

तांदळाचं बघा. घरचा आंबेमोहोर दोन किलो न्यायला काय हरकत, असं वाटतं. हरकत खापरा भुंग्याची आहे. हा किडा दोन-तीन मिलिमीटरचा. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, डब्याच्या खाचेत शिरून बसते आणि अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरते. कॅलिफोर्नियात 1953 साली तो सापडला तेव्हा त्याला हुसकायला दशकाहून अधिक काळ गेला. त्यामुळे हा किडा असलेल्या देशांतून प्रवाशाच्या बॅगेतला तांदूळ तिथं चालत नाही, आणि भारत त्या देशांत येतो. गंमत म्हणजे हेच शास्त्र आमच्या गावात शिकवलं जातं. राजेंद्रनगरला राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था आहे. 1966 साली ती वनस्पती संरक्षणाचं प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली. पलीकडे पाटणचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था. तिथलं ज्वारीचं मूठभर बियाणं परदेशी जायचं तर तपासणी आणि प्रमाणपत्रं यांतून जातं. आपण मात्र ज्वारी दळून आणतो, पिशवीला गाठ मारतो आणि निघतो.

कढीपत्त्याची गोष्ट आणखी तिखट आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर सिट्रस सिला नावाचा बारीक किडा जगतो, आणि तोच लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंगचा रोग लावतो. फ्लोरिडात हा किडा 1998 साली आढळला, रोग 2005 साली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत तिथलं संत्र्याचं उत्पादन नव्वद टक्क्यांहून अधिक घसरलं. नागपूरकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. फोडणीपुरत्या चार डहाळ्या आपल्याला क्षुल्लक वाटतात. तिकडच्या बागाईतदाराला वाटत नाहीत.

दूध आणि मांस यांच्यामागं लाळ्या-खुरकूत आहे. ब्रिटनमध्ये 2001 साली ही साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. बेकायदा आलेलं मांस डुकरांच्या खरकट्यात गेलं आणि तिथून ती पसरली, असं मानलं जातं. म्हणून ब्रिटनला भारतातून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत आणि ऑस्ट्रेलिया पेढे, बर्फी, गुलाबजाम, रसमलाई यांची नावं घेऊन ‘आणू नका’ म्हणून सांगते. हैदराबादेत इथं खरी कुचंबणा होते, कारण इथल्या दुकानांतला खपाचा माल म्हणजे चिकनचं, मटणाचं, कोळंबीचं लोणचं. चिकन आणि मटण अमेरिकेच्या बॅगेत घालू नये. दुकानदार पॅकिंग सुंदर करून देतो. पुढचं तो बघत नाही, आणि त्यानं का बघावं?

दुबईची बॅग भरताना काकू वेगळाच डबा उघडून बघतात: अनारशांचा. अनारशाला खसखस लावलेली असते, करंजीच्या सारणातही असते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि तिथं ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. सिंगापूरलाही ती नेऊ नये. दिवाळीचा फराळ आखातात पाठवायचा तर अनारसे थाळीत साखरेवर थापायचे किंवा राहू द्यायचे. मला विचाराल तर राहू द्यावेत. खसखशीविना अनारसा मी तरी खाणार नाही.

खोबऱ्याच्या वाटीला तर इथल्याच विमानतळावर अडवतात. त्यात किड्याचा प्रश्न नाही. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं, की आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, 1363. शमशाबादला वाटी बॅगेतून निघते आणि बाजूच्या ट्रेमध्ये जाते. चिवड्यातल्या तळलेल्या कापांना मी अजून कुणी अडवलेलं पाहिलं नाही. मसाले हातातल्या बॅगेत घेऊ नयेत, हेही जाता जाता सांगते. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत 2018 पासून साडेतीनशे मिलिलिटरच्या वरची पूड वेगळी तपासतात, आणि गोड्या मसाल्याचा सुगंध सुरक्षारक्षकाला समजावत बसण्याइतका वेळ कुणाकडे नसतो.

डॅलसला भाच्याकडे गेले तेव्हा तिकडचं तपासणीचं टेबल मी जवळून पाहिलं. सामानाच्या पट्ट्याजवळ एक बीगल फिरत होता. हे कुत्रे भुंकत नाहीत. वास लागला की बॅगेशी बसतात. त्यांना सुरुवातीला जे वास शिकवतात त्यांत सफरचंद, संत्र्या-लिंबाचा वर्ग, डुकराचं नि गाईचं मांस, आणि आंबा असतो. आपल्या मे महिन्याचा पत्ता त्यांना बरोबर ठाऊक. मी विचारल्यावर ‘हो, खायचं आहे’ म्हटलं आणि मला बाजूच्या रांगेत पाठवलं. बॅग पुन्हा एक्स-रेमधून गेली. पडद्यावर लोणचं गडद दिसतं, पिठं फिकट, आणि फळातली कोय स्पष्ट उठून दिसते.

अधिकाऱ्यानं हातमोजे चढवून मेतकुटाची पिशवी उचलली. “हे काय?” भाजलेल्या डाळींचं पीठ, भातावर घ्यायचं, असं सांगितलं. ‘मेतकूट’ म्हणून भागत नाही. काय आहे आणि शिजवलंय की कच्चं, एवढंच त्याला हवं असतं. त्यानं पिशवी उजेडाकडे धरली, हलवली आणि खालचा कोपरा चिमटीत धरून निरखला. किडा असला तर तिथंच जमतो. आवकाय त्यानं उलटसुलट केली, दुकानाचं लेबल वाचलं. त्यावर घटक आणि तारीख इंग्रजीत छापलेली असली की काम सोपं होतं. घरच्या पिशव्यांवर काकूंनी मार्करनं लिहिलेलं असतं, तेही चाललं. पाच-सात मिनिटांत बॅग बंद.

शेजारच्या टेबलावर विजयवाड्याकडचे एक आजोबा होते. त्यांनी सगळं खरं सांगितलं होतं: शेवग्याच्या शेंगा, कढीपत्त्याची जुडी, घरच्या झाडाचे दोन बंगनपल्ली. अधिकाऱ्यानं तिन्ही वस्तू डब्यात टाकल्या, पावती लिहिली आणि दंड न लावता सोडलं. सांगितलेली वस्तू जाते, पण खिसा वाचतो. लपवलेली सापडली तर दंड 300 डॉलरपासून सुरू होतो. आजोबांना शेंगांचं काही वाटलं नाही. आंब्यासाठी मात्र ते हुज्जत घालत राहिले, की भारताचा आंबा तर इथं दुकानात मिळतो. मिळतो, 2007 पासून; पण तो लासलगावसारख्या केंद्रात विकिरण करून, कोयीतल्या भुंग्याचा बंदोबस्त करून येतो. पिशवीतल्या आंब्याला तो संस्कार झालेला नसतो. अधिकारी शांतपणे ऐकत होता. त्यानं हे याआधी बऱ्याच आजोबांकडून ऐकलं असावं.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. अमेरिकेची ही तपासणी तिथंच, विमानात चढण्याआधी होते, म्हणजे ‘हो’ म्हणायची वेळ एक खंड आधीच येते.

परतीच्या वाटेवर हाच प्रश्न आपल्याला आपल्याच देशात विचारतात, याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. भारतीय कस्टम्सच्या फॉर्मातही बियाणं, रोपं, फळं, मांस, दुधाचे पदार्थ यांची विचारणा असते. परवान्याशिवाय पेरणीचं बी आणता येत नाही. 1950च्या दशकात अमेरिकेच्या गव्हाबरोबर गाजरगवत आलं असं म्हणतात. पुण्यात ते त्याच सुमाराला पहिल्यांदा नजरेस आलं आणि आज ते नाही असा बांध दाखवता येत नाही.

डॅलसहून निघायच्या आदल्या दिवशी भाचा म्हणाला, “मावशी, काकूंचा फोन होता. इथल्या मोठ्या टोमॅटोचं बी हवंय म्हणाल्या, गच्चीवर लावायला. एक पाकीट आणून ठेवू?”

म्हटलं, काकूंना सांग मिळालं नाही. बदाम आण, आणि सोललेले आण.